लाईट आली, पण राऊटर उठत नाही: फर्मवेअरला हात लावण्याआधी

वळवाचे दिवस सुरू झाले की आमच्याकडे एकाच तक्रारीची रांग लागते. लाईट गेली होती, परत आली, आणि तेव्हापासून राऊटर चालू होत नाही. कुणाच्या डब्यावर एकही दिवा नसतो, कुणाचे सगळे दिवे एकदम पेटून तसेच राहतात, कुणाचा मिनिटा-मिनिटाला आपोआप बंद-चालू होत बसतो. "रिसेट मारून बघितला" हे वाक्य ठरलेलं. काहीजण तर आधी दुसरीकडे फर्मवेअर, म्हणजे राऊटरच्या आतलं सॉफ्टवेअर, टाकून घेऊनच येतात. फर्मवेअर टाकल्यावर तो चालतोही, पण पुढचा वारा-पाऊस येईपर्यंत. मग पुन्हा तेच रडगाणं.

माझं मत विचाराल तर सुरू न होणाऱ्या राऊटरच्या बाबतीत फर्मवेअरचा विचार सगळ्यात शेवटी करावा. आधी पॉवर. अ‍ॅडॅप्टरपासून प्रोसेसरपर्यंत वीज नीट पोहोचते आहे हे मीटरवर दिसल्याशिवाय लॅपटॉप उघडूच नये. फ्लॅशमधला (फर्मवेअर साठवणाऱ्या चिपमधला) डेटा खराब होतो तोसुद्धा पुष्कळदा अर्धवट पॉवरमुळेच, आणि ते मूळ तसंच ठेवून वरून फर्मवेअर टाकत राहिलं की दुरुस्ती टिकत नाही.

राऊटर बंद आहे, की नेट बंद आहे?

हे आधी बघाच. फायबरच्या डब्यावर, म्हणजे ओएनटीवर, 'एलओएस'चा दिवा लाल लुकलुकत असेल तर डबा व्यवस्थित चालू आहे. त्याला फायबरमधून प्रकाश मिळत नाहीये, एवढंच. वायर तुटली असेल, उंदरानं कुरतडली असेल, कनेक्टर मळला असेल. तसंच, वाय-फायचं नाव मोबाईलवर दिसतंय, जोडलंही जातंय, फक्त पान उघडत नाही, तर तेही वेगळं दुखणं. त्यासाठी ऑपरेटरला फोन करा, इथं वेळ घालवू नका.

डबाच उठत नसेल तर त्याला लावलेलं सगळं काढा. लॅनच्या वायरी, यूएसबीचा पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क, सगळं. फक्त अ‍ॅडॅप्टर ठेवा. यूएसबीवरची डिस्क फिरायला लागताना बराच करंट ओढते आणि आधीच थकलेला अ‍ॅडॅप्टर तिथंच बसतो. लॅनच्या वायरी काढल्यावर राऊटर उठला, तर संशय त्या पोर्टवर किंवा वायरीच्या पलीकडच्या यंत्रावर घ्यायचा.

आता बटण बंद करून अर्धा मिनिट थांबा. "बंद करून चालू केला" म्हणणारे बहुतेक लोक दोन सेकंदात चालू करतात, आणि त्याचा उपयोग होत नाही. लाईट क्षणभर लुकलुकते तेव्हा बोर्डवरचं व्होल्टेज शून्यावर जात नाही, मध्येच कुठंतरी लटकतं. प्रोसेसरला रिसेट मिळतो, पण फ्लॅश चिप किंवा स्विचची चिप अर्धवट अवस्थेत अडकून राहते. वीज साठवणारे कपॅसिटर पूर्ण रिकामे झाले की सगळ्यांची सुरुवात एकाच वेळी, शून्यापासून होते. एवढ्यावरच राऊटर उठला तरी खूश होऊ नका. लुकलुकीत तो अडकला, म्हणजे पुन्हा अडकणार. त्याचं बघू शेवटी.

कितव्या सेकंदाला गचकतो?

माझ्या दृष्टीनं सगळ्या तपासणीतली सर्वात कामाची आणि फुकटातली गोष्ट ही. मोबाईलवर स्टॉपवॉच लावा आणि राऊटर चालू करा. धडधाकट राऊटरमध्ये साधारण असं होतं: दिवे एकदा झपकन लागून जातात, पॉवरचा दिवा लुकलुकत राहतो, मग लॅनचे दिवे येतात, आणि नंतर वाय-फायचा. मॉडेलप्रमाणे पाऊण मिनिट ते दोन मिनिटं लागतात.

एकही दिवा नाही: अ‍ॅडॅप्टर, जॅक, बटण, किंवा बोर्डवर शॉर्ट.

पॉवरचा दिवा आहे, किंवा सगळेच दिवे लागून ढिम्म आहेत: प्रोसेसर कामालाच लागलेला नाही. बऱ्याच मॉडेलांत दिवे कधी लावायचे, कधी विझवायचे हे प्रोसेसर ठरवतो. तोच झोपलेला असेल तर ते जसे पेटले तसे राहतात. इथं आतलं एखादं व्होल्टेज गायब असतं, नाहीतर बूटलोडर, म्हणजे चालू होताच सगळ्यात आधी चालणारा छोटा प्रोग्राम, गेलेला असतो.

दोन-तीन सेकंदांत पुन्हा पहिल्यापासून: बूटलोडर किंवा रॅमचा संशय.

वाय-फायचा दिवा लागायच्या बेताला येतो आणि धप्पकन सगळं विझून पुन्हा सुरू होतं: पॉवर. याबाबत मी जवळजवळ पैज लावायला तयार असतो. वाय-फायचे रेडिओ चालू होतात त्या क्षणी करंटची मागणी उसळते. तोवर राऊटर निम्म्या भुकेवर चाललेला असतो, म्हणून अ‍ॅडॅप्टरची लंगडी बाजू झाकली जाते. लोक म्हणतात, "पूर्ण चालू होतो, शेवटी अडकतो, म्हणजे सॉफ्टवेअर गेलंय." दर वेळी साधारण त्याच सेकंदाला पडत असेल तर आधी दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून बघा.

पाच-दहा मिनिटं चालून पडतो: उष्णता. बोर्डवरच्या एखाद्या रेग्युलेटरचा (व्होल्टेज ठरावीक ठेवणाऱ्या भागाचा) दम संपतोय.

एक खास प्रकार थंडीत दिसतो. नाशिक-पुण्याकडे डिसेंबरच्या सकाळी राऊटर उठत नाही, चार-पाचदा बंद-चालू केला की उठतो, आणि मग दिवसभर छान चालतो. हा वाळलेला इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. थंडीत त्याचा आतला रोध आणखी वाढतो, थोडा गरम झाला की काम चालवून नेतो. केस वाळवायच्या ड्रायरनं बोर्डला कोमट हवा द्या. त्यानं राऊटर पहिल्या झटक्यात उठला तर निदान झालंच.

अ‍ॅडॅप्टर: मीटर १२ दाखवतो म्हणून तो चांगला नव्हे

आता मीटर घ्या. अ‍ॅडॅप्टरची पिन मोकळी ठेवून मोजलं की १२.२ व्होल्ट येतात आणि लोक अ‍ॅडॅप्टरला क्लीन चिट देतात. बिनओझ्याचा बैल चढावर पळतोच. गाडी जुंपून बघायचं असतं.

सोपी पद्धत अशी. राऊटरचं झाकण उघडा. स्क्रू बहुधा मागच्या रबरी पायांखाली किंवा स्टिकरखाली लपवलेले असतात. मग पॉवर जॅक बोर्डला जिथं सोल्डर केलाय तिथं, खालच्या बाजूनं, राऊटर चालू असताना मोजा. १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर तिथं साडेअकराच्या वर स्थिर राहिला पाहिजे. आकडा सात, अकरा, नऊ असा नाचत असेल तर अ‍ॅडॅप्टर गेला. तिथं नऊ येतात, पण अ‍ॅडॅप्टरच्या पिनेजवळ बारा येतात, तर दोष मधल्या जॅकमध्ये. मागचं दाबायचं बटण आणखी एक चोर आहे. त्याच्या आतल्या पट्ट्यांवर कार्बन येतो आणि करंट वाढला की तिथंच व्होल्टभर पडतो. बटणाच्या दोन्ही बाजूंना मोजून फरक बघा. बटण दाबून-सोडून राऊटर कधी चालतो, कधी नाही असं असेल तर मी सरळ बटण बायपास करतो. घरातला राऊटर कोण रोज बंद करतो?

झाकण उघडायचं नसेल तर मोटारसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब हा उत्तम लोड आहे. साधारण ०.८ अँपिअर ओढतो. १ अँपिअरच्या अ‍ॅडॅप्टरला हा बल्ब दहा मिनिटं लावून ठेवा आणि व्होल्टेज बघत राहा. अर्ध्या अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर असेल तर पार्किंग लाईटचा ५ वॅटचा बल्ब घ्या, नाहीतर चांगल्यालाच वाईट ठरवाल. आणि ९ किंवा ५ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरसाठी हा बल्ब बरोबर ओझं देणार नाही, हेही ध्यानात ठेवा.

मीटरचा आकडा स्थिर आहे, तरी राऊटर पुन्हापुन्हा बंद-चालू होतोय, तर रिपल, म्हणजे डीसीमधली बारीक चढ-उतार, बघा. डीसीवर मीटर सरासरी दाखवतो, आतले वेगवान खड्डे त्याला दिसत नाहीत. मीटर एसीच्या लहान रेंजवर टाकून त्याच दोन टोकांना लावा. चांगल्या अ‍ॅडॅप्टरवर आकडा अगदी किरकोळ येतो. अर्ध्या व्होल्टच्या आसपास जात असेल तर आतला आउटपुटचा कपॅसिटर वाळला. मात्र स्वस्तातल्या काही मीटरना एसीवरसुद्धा डीसी मोजायची खोड असते. ते भलताच मोठा आकडा दाखवतात, आणि टोकं उलटी केली की शून्य. असा मीटर असेल तर ही चाचणी सोडून द्या.

अ‍ॅडॅप्टर इतक्या लवकर का जातात, याचा हिशेब मांडता येतो. त्यातल्या कपॅसिटरवर बहुधा १०५ अंश सेल्सिअस आणि २००० तास असं रेटिंग असतं. ढोबळ नियम असा की दर १० अंश तापमान कमी झालं की आयुष्य दुप्पट. टीव्हीच्या मागे, शोकेसच्या बंद कप्प्यात, तो कपॅसिटर आतून ६५ अंशांवर राहत असेल तर ४० अंश खाली, म्हणजे चार वेळा दुप्पट: ३२,००० तास. राऊटर चोवीस तास चालू असतो, म्हणून हे झाले साधारण साडेतीन वर्षं. तोच अ‍ॅडॅप्टर मोकळ्या हवेत ५५ अंशांवर राहिला तर सात वर्षं. तिसऱ्या-चौथ्या वर्षी "आता राऊटर जुना झाला" असं म्हणून लोक नवा राऊटर आणतात, तेव्हा पुष्कळदा जुना झालेला असतो तो फक्त हा एक कपॅसिटर.

तरीही घरच्या घरी अ‍ॅडॅप्टर फोडू नका. त्याच्या मेन्सच्या बाजूच्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ तिथं राहतं. अ‍ॅडॅप्टर नवा घ्या. घेताना व्होल्टेज तंतोतंत तेच, करंट तेवढा किंवा जास्त. १ अँपिअरच्या जागी २ अँपिअरचा बिनधास्त चालतो, राऊटर लागेल तेवढाच ओढतो. पण ९ व्होल्टच्या राऊटरला सेट टॉप बॉक्सचा १२ व्होल्टचा लावला की आतल्या कपॅसिटरचं रेटिंग १० व्होल्टचं असेल तर तो फुगतो. पिनेची मापंही दोन आहेत. बाहेरून दोन्ही ५.५ मिलिमीटर, आतलं भोक एकाचं २.१ आणि दुसऱ्याचं २.५. २.१ च्या जॅकमध्ये २.५ ची पिन जाते, दिवाही लागतो, पण सैल बसते, आणि पंखा लागला, वायर हलली की राऊटर रिस्टार्ट. "अ‍ॅडॅप्टर बदलला तरी तेच" या तक्रारीचं कारण कितीतरी वेळा हे निघतं. अ‍ॅडॅप्टरवरचं चिन्हही बघा: मधला बिंदू अधिकला जोडलेला हवा, राऊटरवर तसंच छापलेलं असेल तर.

अ‍ॅडॅप्टर लावताच बारीक टिक्-टिक् आवाज येतोय, त्याच्यावरचा दिवा लुकलुकतोय, आणि राऊटरपासून काढला की स्थिर होतो? मग अ‍ॅडॅप्टर बहुधा निर्दोष आहे. बोर्डवर शॉर्ट आहे, तो स्वतःला वाचवतोय.

बोर्डवर

झाकण उघडल्यावर आधी डोळे, मग मीटर. उबदार, अंधारी, कायम चालू असलेली पेटी म्हणजे मुंग्या-झुरळांना धर्मशाळाच. पालीची अंडी, मुंग्यांचं वारूळ, दोन पिनांमध्ये चिकटून जळालेली मुंगी, सगळं बघायला मिळतं. कोकणात बोर्डवर हिरवा थर चढलेला असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन घासा, नीट वाळू द्या, आणि आधी तसाच लावून बघा. नुसत्या एवढ्यानं उठलेले राऊटर आहेत.

मग कपॅसिटरची डोकी बघा. वर फुगीर किंवा बुडाशी चिकट तपकिरी डाग असेल तर बदला: मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा, कमी ईएसआरचा (आतला रोध कमी असलेला). सपाट डोकं दिसलं म्हणून चांगलाच, असं मात्र नाही.

आतली व्होल्टेजं मोजणं हे खरं निदान. १२ व्होल्टमधून बोर्ड लहान-लहान व्होल्टेजं तयार करतो: ३.३ व्होल्ट फ्लॅश आणि इतर चिपांना, रॅमला १.८ किंवा १.५ (अगदी जुन्यात २.५), आणि प्रोसेसरच्या गाभ्याला १.० ते १.२ च्या आसपास. प्रत्येकासाठी बहुधा एक बारीक आयसी आणि तिच्याशेजारी एक कॉइल असते. काळा ऋण टोकाला, लाल त्या कॉइलच्या आउटपुटच्या टोकाला. सगळ्या कॉइलवर आपापलं व्होल्टेज दिसलं की पॉवरचं प्रकरण बहुतेक संपलं. एखादीवर शून्य असेल तर एकतर तिची आयसी गेली, किंवा पुढे शॉर्ट आहे.

शॉर्ट शोधताना बझरवर विसंबू नका. प्रोसेसरच्या गाभ्याच्या लाइनवर काही ओहमच रोध असणं साहजिक आहे, आणि कित्येक मीटर ५० ओहमच्या खाली सरसकट बीप करतात. शॉर्ट समजून चांगली चिप उपटाल. ओहमच्या रेंजवर आकडा वाचा: अर्धा-एक ओहम असेल तर शॉर्ट. १२ व्होल्टच्या लाइनवर शॉर्ट असेल तर जॅकजवळचा संरक्षक डायोड किंवा एखादा सिरॅमिक कपॅसिटर फुटलेला असतो. चुकीचा अ‍ॅडॅप्टर लावल्याची ही खूण. तो डायोड स्वतः मेला आणि पुढचं वाचवलं. काढून टाकला तर राऊटर उठतो, पण त्याच्या जागी नवा बसवायचा आळस करू नका.

विजेच्या कडकडाटानंतर आलेला राऊटर असेल तर बोट लावून बघा. चालू केल्यावर पाच-सात सेकंदांत लॅनच्या पोर्टांजवळची चिप चटका देण्याइतकी तापत असेल तर वीज वायरीवाटे आत आली. एका इमारतीतून दुसरीत लॅनची वायर नेलीय का विचारा, उत्तर बहुधा 'हो' येतं. पोर्टची चिप प्रोसेसरच्या पोटातच असेल तर तो राऊटर सोडून द्या. रॅम आणि प्रोसेसर बदलायच्या भानगडीत घरगुती राऊटरसाठी पडू नये, तेवढ्यात नवा येतो.

आणि हो, रिसेटचं बटण. राऊटर उठतो, पॉवरचा दिवा लुकलुकत राहतो, पुढे काही नाही. सगळी व्होल्टेजं बरोबर. बटणात ओल शिरून ते आतून कायमचं दाबलेलं राहतं, आणि राऊटरला वाटतं मालक रिकव्हरी मागतोय. अ‍ॅडॅप्टर काढून बटणाच्या दोन टोकांत ओहम मोजा. न दाबता शून्याजवळ येत असेल तर बटण काढून टाका. त्याच्याशिवाय राऊटर मजेत चालतो.

कन्सोल: राऊटर स्वतःच सांगतो

पॉवर चोख आहे, तरी उठत नाही. आता लॅपटॉप. बहुतेक बोर्डांवर एका ओळीत चार छिद्रं किंवा ठिपके असतात, तो सिरीयल कन्सोल: चालू होताना राऊटर काय करतोय ते तिथून लॅपटॉपवर वाचता येतं. ऋण टोक बझरनं शोधा, ते जॅकच्या ऋणाशी बीप देतं. एकावर ३.३ व्होल्ट स्थिर असतं, त्याला काहीही जोडू नका. चालू करताना ज्याचं व्होल्टेज थरथरतं तो टीएक्स (डेटा पाठवणारा), उरलेला आरएक्स (डेटा घेणारा). सीपी२१०२ किंवा सीएच३४० चा यूएसबी-टीटीएल तुकडा ३.३ व्होल्टवर ठेवून घ्या, टीएक्स-आरएक्स उलटसुलट जोडा, लॅपटॉपवरच्या पुट्टी या प्रोग्राममध्ये वेग ११५२००. नुसती चिरखड अक्षरं आली तर वेग चुकलाय. रालिंक आणि मीडियाटेकच्या बऱ्याच बोर्डांना ५७६०० लागतो. काहीच येत नसेल तर लगेच हार मानू नका, काही कंपन्या ठिपक्याजवळचा एक रोध मुद्दाम बसवत नाहीत. तिथं सोल्डरचा ठिपका द्यावा लागतो.

मग वाचा. काहीच छापत नसेल तर बूटलोडर मेला, किंवा प्रोसेसरला ठेका देणारा क्रिस्टल. रॅमचा आकार छापून थांबला तर रॅम. 'बॅड डेटा सीआरसी' असं आलं तर फर्मवेअर खराब, हे सगळ्यात सुखाचं. कर्नल (फर्मवेअरचा गाभा) उतरून, वाय-फायचा ड्रायव्हर लोड होताना एकदम पहिल्या ओळीपासून सुरू झालं, कुठलाही एरर न छापता, तर ते पुन्हा पॉवरच. सॉफ्टवेअर मरतं तेव्हा ते बहुधा काहीतरी बोलून मरतं, पॉवर गेली की वाक्य अर्ध्यावर तुटतं. शंका असेल तर एखादी कळ दाबून बूटलोडरमध्येच थांबवा आणि तासभर तसाच ठेवा. तिथं रेडिओ बंद असतात. तासभर शांत राहतो आणि पुढे जाऊ दिला की पडतो, म्हणजे उत्तर मिळालं.

बोर्ड न उघडता बूटलोडर जिवंत आहे का हे पिंगवरून कळू शकतं. चालू होताना लॅपटॉपवरून राऊटरच्या पत्त्यावर सतत पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी हाक, चालू ठेवा. ब्रॉडकॉमच्या सीएफई बूटलोडरचं उत्तर टीटीएल १०० (पिंगच्या उत्तरात दिसणारा एक आकडा) घेऊन येतं, फर्मवेअरमधल्या लिनक्सचं ६४. सुरुवातीला चार-दोन उत्तरं १०० ची आली आणि मग शांतता, तर बूटलोडर ठीक, पुढचं फर्मवेअर गेलंय.

आता फर्मवेअर टाका. टीपी-लिंकच्या पुष्कळ मॉडेलांना लॅपटॉपचा पत्ता 192.168.0.66 लागतो. रिसेट दाबून धरून पॉवर द्यायची, राऊटर स्वतःच टीएफटीपीवरून (फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीनं) ठरलेल्या नावाची फाइल मागतो. डी-लिंकच्या अनेक मॉडेलांत तसंच करून 192.168.0.1 वर रिकव्हरीचं पान उघडतं. असूसचा पॉवरचा दिवा सावकाश लुकलुकायला लागला की लॅपटॉपवर त्यांचा 'फर्मवेअर रिस्टोरेशन' हा प्रोग्राम चालवायचा. मायक्रोटिकला त्यांचा नेटइन्स्टॉल हा प्रोग्राम, आणि वायर बहुधा पहिल्या पोर्टमध्ये. फायरवॉल बंद ठेवा. राऊटर आणि लॅपटॉपच्या मध्ये एक साधा स्विच ठेवा, हे मात्र विसरू नका. थेट वायर लावली तर राऊटर बंद-चालू होताना लिंक पडते, विंडोज ती पुन्हा उभी करेपर्यंत राऊटरची फाइल मागायची वेळ निघून गेलेली असते. "टीएफटीपी चालत नाही" म्हणणाऱ्यांचं निम्म्या वेळा हेच होतं.

बूटलोडरच गेला असेल तर आठ पायांची फ्लॅश चिप काढून प्रोग्रामरवर लिहावी लागते. सीएच३४१ए चा काळा प्रोग्रामर सगळीकडे मिळतो, पण तो डेटाच्या लाइनवर ५ व्होल्ट देतो आणि फ्लॅश ३.३ ची असते. तो सुधारून घ्या. आधी जुनी चिप दोनदा वाचून दोन्ही फाइली सारख्या आहेत का बघा आणि जपून ठेवा. दुसऱ्या राऊटरची फाइल जशीच्या तशी उतरवू नका: मॅक पत्ता (प्रत्येक यंत्राचा वेगळा ओळख-क्रमांक) त्याचा येतो, आणि वाय-फायचं त्या-त्या बोर्डाचं कॅलिब्रेशन याच चिपमध्ये असल्यानं रेंज घसरते. जुन्या वाचनातला तो भाग नव्या फाइलमध्ये बसवायचा.

ऑफिसातले मोठे राऊटर

सिस्कोसारख्या यंत्रांवर कन्सोलचं पोर्ट बाहेरच असतं, वेग बहुधा ९६००. तिथं रॉममॉनचा (सिस्कोच्या बूटलोडरचा) प्रॉम्प्ट आला तर अर्धा जीव भांड्यात पडतो. हार्डवेअर इथवर उठलंय, त्याला बूट करायची इमेज सापडत नाहीये, किंवा कॉन्फिगरेशन रजिस्टर (कसं बूट व्हायचं हे ठरवणारं सेटिंग) कुणीतरी बदलून ठेवलंय.

एक प्रकरण मात्र पॉवर, फर्मवेअर, दोन्हींच्या पलीकडचं. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० मालिकेच्या प्रोसेसरमध्ये क्लॉकच्या सर्किटचा दोष होता. इंटेलनं तो एव्हीआर५४ या क्रमांकानं नोंदवला, आणि सिस्कोनं फेब्रुवारी २०१७ मध्ये क्लॉकच्या भागामुळे काही यंत्रं साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर बंद पडू शकतात असं जाहीर केलं. त्या यादीत आयएसआर ४३३१ राऊटरही होता. दगा असा की यंत्र चालू असतं तोवर कदाचित कळतही नाही, आणि देखभालीसाठी एकदा बंद केलं की परत उठत नाही. सेकंडहँड बाजारात त्या काळातली यंत्रं स्वस्तात फिरतात. घेण्याआधी सिरीयल नंबर तपासा, आणि बघताना पॉवर पूर्ण काढून पुन्हा चालू करून दाखवायला सांगा.

पुन्हा होऊ नये म्हणून

स्पाइक गार्ड उसळीपासून वाचवतो, लुकलुकीपासून नाही. लुकलुकीसाठी १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे किंवा बाजूला मोडचं बटण असतं, ते 'यूपीएस'वर आहे का बघा. साध्या मोडवर बदली व्हायला इतका वेळ लागतो की पंखा-ट्यूबला कळत नाही, राऊटर मात्र दर वेळी पडतो. आणि सेटिंग साठवत असताना पडला की फ्लॅशमधली तीच जागा बिघडते.

दोन इमारतींमधली तांब्याची लॅन काढून फायबर टाका. अ‍ॅडॅप्टर शोकेसच्या कप्प्यातून बाहेर काढा. ओएनटी कंपनीचा असेल तर तो अजिबात उघडू नका, त्याचं फर्मवेअर बाहेर मिळत नाही आणि सील तुटलं की बदलून द्यायला कुरकुर होते. तक्रार करताना "डबा बंद आहे" एवढंच न सांगता "दुसरा अ‍ॅडॅप्टर लावून बघितला, वाय-फायचा दिवा लागताना रिस्टार्ट होतो" किंवा "होत नाही" असं सांगा, आणि येणाऱ्या माणसाला नवा अ‍ॅडॅप्टर सोबत घेऊनच यायला सांगा.